मका पेरलाच नाही, तरी मक्याचे पैसे?

प्रश्न: मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एका ग्रामीण काउंटीत (जिल्ह्यात) राहतो. शेजाऱ्याने यंदा बांधापासून बांधापर्यंत नुसतं सोयाबीन पेरलंय. तरी म्हणतो, भाव पडला तर सरकार मक्याचे पैसे देईल. थापा मारतोय का?

उत्तर १: थाप नाही हो. पीएलसी (भाव पडला तर भरपाई) आणि एआरसी (उत्पन्न घटलं तर भरपाई) या सरकारी योजनांचे पैसे 'बेस एकरां'वर मिळतात, म्हणजे त्या जमिनीवर पूर्वी काय पिकत होतं त्या नोंदीवर. तेही बेसच्या ८५ टक्क्यांवरच. पीएलसीत मक्याचा वर्षभराचा सरासरी भाव संदर्भ भावाखाली (सरकारने ठरवलेल्या भावाखाली) गेला तरच रक्कम निघते. हा कायद्यातला भाव २०२५ मध्ये बुशेलला (मक्याचे साधारण २५ किलो) ३.७० डॉलरवरून ४.१० झाला. काउंटीच्या एआरसीत मात्र पूर्ण काउंटीचं उत्पन्न बघतात. तुमचं शेत गारपिटीत झोपलं आणि बाकी काउंटी पिकली, तर हात हलवत बसा! (त्यासाठी पीकविमा वेगळा.)

प्रश्नकर्ता: मग यंदाच्या पेऱ्याची माहिती कशाला घेतात? जुलैत शेजारी एफएसएच्या (सरकारी शेती खात्याच्या) ऑफिसात नकाशे घेऊन गेला होता.

उत्तर १: ती द्यावीच लागते, नाहीतर पैसे अडकतात. आणि लगेच काही मिळत नाही. यंदाच्या पिकाचे पुढच्या वर्षी ऑक्टोबरनंतर.

उत्तर २: जमीन कोणाची आहे तेही विचारा. रोख खंडाने केली असेल तर पैसे कसणाऱ्याला, वाट्याने असेल तर मालकालाही हिस्सा. पण योजना सुरू झाली की मालक खंड वाढवतोच, हे कुणी बोलत नाही.