येरवड्यातील जागेवरच घरबांधणी : प्रबंधात नेमके काय तपासावे?

प्रश्न :
नमस्कार. २००५च्या अखेरीस सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू अभियान या केंद्र सरकारच्या शहरविकास योजनेतून पुण्यातील येरवड्याच्या काही वस्त्यांमध्ये कच्ची घरे पाडून त्याच जागी साधारण २७० चौरस फुटांची पक्की घरे बांधली गेली. या कामाची तुलना झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या बहुमजली इमारतींशी करावी, असा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. घरांची संख्या आणि खर्च एवढ्यावरच निष्कर्ष काढणे मला अपुरे वाटते. आणखी काय पाहावे?

उत्तर १ (वास्तुविशारद) :
आधी दोन्हीकडचा पैसा कुठून येतो ते मांडा. पुनर्वसन योजनेत विकसक आपला खर्च विक्रीच्या सदनिकांतून किंवा टीडीआरमधून (दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्कातून) काढतो. त्यामुळे जमिनीला भाव असेल तिथेच तो येतो आणि पर्वतीच्या उतारावरील जनता वसाहतीसारखी वस्ती मागे राहते. येरवड्यात खर्चाचा मोठा भाग शासकीय अनुदानाचा होता आणि कुटुंबाने सुमारे १० टक्के वाटा भरायचा होता. मात्र आधीची पक्की घरे तशीच ठेवल्यामुळे बोळ फारसे रुंद झाले नाहीत. प्रत्येक घरात दुपारी दिवा लावावा लागतो का, हे स्वतः जाऊन पाहा. नकाशावर ते दिसत नाही.

उत्तर २ (येरवडा) :
ताई, मी अशाच घरात राहतो. पत्र्याच्या घरात पावसाळ्यात रात्रभर भांडी मांडून बसावे लागे, ते संपले आणि शौचालय घरात आले, याचे मोल मी कमी लेखणार नाही. शेजार तोच राहिला आणि आईला कामाची घरेही सोडावी लागली नाहीत. परंतु जागा लहान असल्याने घर वर चढवावे लागले आणि बरीच जागा जिन्यात गेली. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आई आता वरच्या खोलीत जातच नाही. बांधकाम चालू असताना भाड्याने राहण्याचा खर्च आम्हीच सोसला. तो कोणत्याही हिशेबात धरलेला मला दिसला नाही, तो तुम्ही अवश्य धरा.

उत्तर ३ (नगरनियोजनाची अध्यापिका) :
वरील उत्तरातील खर्चाचा मुद्दा मलाही कळीचा वाटतो. त्याला एक जोड देते : ज्यांना घर मिळाले त्यांच्याशीच बोलून थांबू नका. १९७१च्या महाराष्ट्र झोपडपट्टी कायद्याखाली घोषित झालेली वस्ती आणि अघोषित वस्ती यांना मिळणाऱ्या सोयींत मोठे अंतर पडते, आणि घोषित वस्तीतही फोटोपास (झोपडीधारकाला मिळणारे छायाचित्रासह ओळखपत्र) घरमालकाच्या नावावर असतो, भाडेकरूच्या नाही. पत्र्याची खोली पाडली गेली तेव्हा तिच्यातील भाडेकरू कुठे गेला, हे शोधणे कष्टाचे आहे, कारण तो आता त्या वस्तीत भेटणारच नाही. जुने शेजारी, किराणा दुकानदार आणि बचत गटातील महिला यांच्याकडून त्याचा माग लागू शकेल.

प्रश्नकर्ती :
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. तात्पुरत्या निवासाचा खर्च आणि भाडेकरूंचे स्थलांतर ही दोन स्वतंत्र प्रकरणे करते. दादा, बांधकामाच्या काळातील भाड्याची नोंद किंवा पावत्या वस्तीत कुणी जपून ठेवल्या असतील का?