कच्ची बिलं लिहिणाऱ्याला सार्वकालिक जीवन आहे का?

मुनीम_अक्कलकोट_रोड
सर्वांना सलाम. मी सोलापूरचा, वय 54. एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात 22 वर्षं हिशेब लिहितोय. पक्की बिलं कॉम्प्युटरवर, कच्ची लाल वहीत. कच्चं म्हणजे काय ते धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

मागच्या शुक्रवारी आमच्या गल्लीत कॉटेज मीटिंग, म्हणजे घरगुती प्रार्थनासभा होती. बाहेरगावचे प्रचारक आले होते. त्यांनी बायबलातलं मत्तय 7:21 काढलं. नुसतं ‘प्रभुजी, प्रभुजी’ म्हणणारा आत जाणार नाही, पित्याच्या इच्छेप्रमाणे करणारा जाईल. मग इब्री 5:9, म्हणजे तारण, पापातून सुटका, आज्ञा पाळणाऱ्यांना. शेवटी म्हणाले, अर्धं मन देवाला चालत नाही. सगळे ‘आमेन’ म्हणाले. मीही म्हणालो, आणि घरी येऊन जेवलो नाही. बायकोला वाटलं पित्त झालं.

रविवारी मी दानाची थैली फिरवतो आणि सोमवारी लाल वही उघडतो. पोरगी डी. फार्मला आहे, नोकरी सोडता येत नाही. आता मला सांगा, मी आत की बाहेर?

रेल्वेलाइन्सकर
भाऊ, इफिस 2:8-9 वाचा. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराने कुठली आज्ञा पाळली होती? तरी ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’. निवांत झोपा.

मुनीम_अक्कलकोट_रोड
22 वर्षं हेच वचन घेऊन झोपतोय की. आणि त्या चोराला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं नव्हतं.

बीमवाला
टॉवेलच्या मागाला दोन बीम, म्हणजे उभ्या धाग्याचे रूळ असतात, मुनीमजींना माहीत आहे. एकाचा ताणा कडक, दुसऱ्याचा सैल. सैल असतो म्हणूनच लूप पडतात. दोन्ही कडक केले तर टॉवेल नाही, धोतर निघेल. कडक बीम आज्ञा, सैल बीम कृपा. दोन्ही लागतात बघा.

निवृत्त_बाई
उपमा गोड आहे, पण तिच्यातून लाल वही सुटून जाते. मी 30 वर्षं संडे स्कूल घेतलं, म्हणून थोडं लांबण लावते.

मार्क 10 काढा. श्रीमंत माणूस धावत येतो, गुडघे टेकतो, तुमचाच प्रश्न विचारतो. येशू आज्ञा मोजतो: खून नको, व्यभिचार नको, चोरी नको, खोटी साक्ष नको, आणि मग ‘ठकवू नको’. हा प्रसंग मत्तय आणि लूक दोघेही सांगतात, पण ‘ठकवू नको’ एकट्या मार्कमध्ये आहे. आणखी एक गोष्टही फक्त मार्कच लिहितो: येशूने त्याच्याकडे बघितलं आणि त्याला त्याच्यावर प्रीती वाटली. ‘विकून टाक’ हे त्यानंतर येतं. म्हणजे आज्ञा ही प्रीतीची किंमत नाही. पण प्रीती वाटली म्हणून आज्ञा मागे घेतली, असंही नाही. तो माणूस दुःखी होऊन गेला आणि येशूने त्याला जाऊ दिलं.

आता लूक उघडा. 18व्या अध्यायात या माणसाला ‘सगळं विक’. पुढच्याच अध्यायात जक्कय. जकातदारांचा मुख्य, म्हणजे तुमच्या जवळचाच धंदा. तो अर्धंच द्यायला निघतो, आणि ज्याला ठकवलं त्याला चौपट परत. तरी येशू म्हणतो, आज या घराला तारण झालं. अर्धं चाललं! प्रचारकांना हे विचारायला हवं होतं. पूर्ण मन रकमेवरून मोजत नाहीत, मूठ कुठे आवळली आहे त्यावरून कळतं. तुमची कुठे, ते तुम्ही पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय.

मोदीतला_कॅथलिक
बाईंशी सहमत. याच वादावर प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या ल्यूथरने 1522 मध्ये कर्मांवर भर देणाऱ्या याकोबाच्या पत्राला ‘गवताचं’ म्हटलं, आणि 1999 मध्ये आमच्या आणि ल्यूथरन मंडळ्यांनी एकत्र सही केली, की देवाकडून स्वीकार कृपेनेच होतो आणि सत्कर्मं ही त्याची फळं. मध्ये पावणेपाचशे वर्षं गेली. मुनीमजींना तेवढा वेळ नाही.

पण 2 राजे 5 मधला अरामी सेनापती नामान आठवतो. देवाला मानल्यावर तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोन दैवताच्या देवळात नमतो, तेव्हा मलाही नमावं लागतं, याची क्षमा व्हावी. अलीशा एवढंच म्हणतो, ‘शांतीने जा’. नोकरदाराला थोडी सूट आहे.

निवृत्त_बाई
नामानाच्या वाकण्याने कोणाचं नुकसान झालं? आणि त्याने आधी तोंड उघडलं होतं.

मुनीम_अक्कलकोट_रोड
उशिरा लिहितोय, माफ करा. बाईंचं ‘तोंड उघडलं होतं’ हे डोक्यात बसलं. मंगळवारी मालकांना म्हणालो, पक्कं सगळं लिहीन, रात्री दहापर्यंत बसेन, पण कच्चं दुसऱ्या कोणाला द्या. पाय लटपटत होते. मालक चष्मा पुसत राहिले. म्हणाले, चहा घ्या आधी. अजून काही बोलले नाहीत. मी तेव्हापासून लाल वहीत एक ओळ लिहिलेली नाही, पण ती आहे माझ्याच ड्रॉवरमध्ये, आणि चावी माझ्याच खिशात.

बायकोला सांगितलंय. ती फीची पावती काढून बघत बसली होती.