मदत हवी आहे: गणपतीत ओल्या-सुक्याची गोष्ट कशी सांगू?

नमस्कार मंडळी. मुलुंडला आमची जुनी सोसायटी, ८४ बिऱ्हाडं. पाच दिवसांच्या गणपतीत एका संध्याकाळी आरतीनंतर मला दहा मिनिटं दिली आहेत. विषय तोच, ओला-सुका कचरा वेगळा करा.

गेल्या वर्षी प्रोजेक्टर लावून सांगितलं होतं. देवनारचं डम्पिंग १९२७ पासूनचं, २०१६ च्या जानेवारीत तिथे लागलेली आग, त्याच वर्षी आलेले घनकचऱ्याचे नियम. आगीचे फोटो पाहून सगळे हळहळले आणि मोदकांकडे वळले. दुसऱ्या दिवशी डब्यात पोह्यांवर चार्जरची वायर.

म्हणून यंदा आकडे नकोत, गोष्ट सांगायची. गोष्ट आहे माझ्याकडे, तीच अडचण आहे. गटारीच्या दुसऱ्या दिवशी कचरा न्यायला येणाऱ्या मावशी माझ्या उंबऱ्यात बसून बोटाला चिंधी बांधत होत्या. कोणीतरी दाढीचं ब्लेड दुधाच्या पिशवीत कोंबून वर खरकटं टाकलं होतं. जिन्याखाली बसून त्या सगळा कचरा हातानेच निवडतात. मोजे दिलेत, पण मोजे घातले की पिशवीची गाठ सुटत नाही म्हणे. नऊ वर्षं राहतेय इथे, हे मला त्या दिवशी कळलं.

हे स्टेजवर सांगू का? मावशी तिथेच प्रसाद वाटत असतात. शिवाय पिशवी कोणत्या मजल्याची, हे निम्म्या लोकांना कळेल. पुढे चिल्लीपिल्ली बसलेली असतात ती वेगळीच.

पाणीपुरी_तिखट: सांग, पण नुसतं घाबरवू नकोस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला, प्लास्टिकने तुंबलेली गटारं सगळ्यांनी पाहिली. आमच्या सासूबाई ती रात्र अजून रंगवून सांगतात, आणि सांगता सांगता भाजीवाल्याकडून पिशवी मागून घेतात.

अक्षता: ताई, श्रावणातल्या कहाण्या आठवा. 'कसला वसा वसता, तो मला सांगा' असं कहाणीत कोणीतरी विचारतंच, आणि काय करायचं ते अगदी बारीकसारीक सांगितलेलं असतं. तुमच्या गोष्टीत दुखणं आहे, वसा नाही. खुलभर दुधाची कहाणीही बघा. राजाच्या हुकमाने गावभरचं दूध ओतलं तरी गाभारा भरला नाही. घरातल्या मुलाबाळांना, वासरांना पाजून म्हातारीने उरलेलं खुलभर आणलं, तेव्हा भरला. सोसायटीच्या नोटिशी म्हणजे राजाचे हुकूम हो! ब्लेडचा मजला गाळा, 'आटपाट नगरात' म्हणा. आणि आधी मावशींना विचारा, गोष्ट त्यांची आहे.

धागाकर्ती: अक्षता, आज विचारलं. मावशी आधी हसल्या. म्हणाल्या, "सांगा की. पण मी रडले असं नका सांगू, मी नव्हते रडले." मग वसा काय द्यायचा तेही विचारलं. मला वाटलं, दोन डबे ठेवा म्हणतील. त्या म्हणाल्या, "पिशवीला गाठ मारू नका म्हणावं. तोंड उघडं असलं की आत काय आहे ते दिसतं."

आता सुरुवात लिहायला बसते.