लांब पल्ल्याची मोठी शिकार: मॅग्नमचा हट्ट कशासाठी?

गिरगावकर
आधी एक खुलासा. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, ती बंदच राहो. हा धागा नामिबियात रीतसर परवान्यावर कुडू आणि जेम्सबॉक या मोठ्या हरणांसाठी जाणाऱ्यांपुरता आहे. शिकार करावी की नाही हा वाद वेगळ्या धाग्यावर घाला, तिथे मीही येईन.

माझं म्हणणं सरळ आहे. मुंबईत राहून वर्षाकाठी मोठ्या बोअरच्या (नळीच्या व्यासाच्या) मोजक्याच गोळ्या झाडायला मिळणाऱ्या माणसाने .३०० विन्चेस्टर मॅग्नमच्या (मॅग्नम म्हणजे जास्त दारूचं, जोरकस काडतूस) नादी लागू नये. ६.५ क्रीडमूर हे मध्यम काडतूस घ्यावं आणि ३५० यार्डांच्या पुढे घोडा ओढू नये.

आता आकडे. क्रीडमूरची १४३ ग्रेनची ईएलडी-एक्स गोळी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप, ईएलडी-एक्स हा गोळीचा प्रकार) नळीतून २७०० फूट प्रति सेकंदाने निघते. ऊर्जा सुमारे २३०० फूट-पाउंड, म्हणजे ३१०० ज्यूलच्या वर. नामिबियात कुडू, जेम्सबॉक आणि एलंडसाठी किमान २७०० ज्यूल लागतात, तेव्हा कायद्याची अट सहज पार होते. मोठ्या हरणांसाठी लक्ष्यावर १५०० फूट-पाउंड हवेत असा जुना ठोकताळा आहे. त्या रेषेच्या खाली ही गोळी ४०० यार्डांच्या जरा अलीकडे जाते.

आणि वारा? ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात ५०० यार्डांवर ही गोळी सुमारे १५ इंच वाहवते. .३०० मॅग्नमची २०० ग्रेनची गोळीही जवळपास तेवढीच. म्हणजे वाऱ्यात फायदा शून्य. दणका, म्हणजे खांद्याला बसणारा धक्का, मात्र बघा. आठ पाउंडांच्या रायफलीत क्रीडमूरचा १२ फूट-पाउंड, मॅग्नमचा २९. दुपटीहून जास्त मार खायचा आणि पदरात काय, तर फुशारकी.

मॅग्नमवाला_ठाणे
साफ असहमत. तुलनाच सोयीची निवडली आहे तुम्ही. .३०० विन्चेस्टर १९६३चं काडतूस. त्याची मान आखूड, त्यामुळे लांबुडकी गोळी केसमध्ये (काडतुसाच्या पितळी कवचात) खोल बसवावी लागते आणि दारूची जागा जाते. आजच्या मॅग्नमशी तुलना करा की! ७ मिमी पीआरसी घ्या, २०२२चं. १७५ ग्रेनची गोळी, ३००० फूट वेग, त्याच वाऱ्यात ५०० यार्डांवर १२ इंच. तिथे ऊर्जा अजून २००० फूट-पाउंडांच्या आसपास शिल्लक असते, तुमच्या क्रीडमूरची १३०० वर आलेली असते.

दुसरं. जेम्सबॉकचा नर दोनशे-सव्वादोनशे किलोचा. तो दर वेळी तुमच्यासाठी कुशीवर आडवा उभा राहून फोटो देत नाही. तिरका उभा असेल तर गोळीला खांद्याचं हाड फोडून पलीकडच्या फुफ्फुसापर्यंत जायचं असतं. तिथे १४३ आणि १७५ ग्रेनमधला फरक तक्त्यात दिसत नाही, जनावरावर दिसतो. एलंडचं तर बोलूच नका. सातशे-आठशे किलोच्या बैलावर क्रीडमूर म्हणजे कायद्याने चालेल, पण कुठला जाणता माणूस हो म्हणेल?

दणक्याचं रडगाणं नको. २९ हा आकडा आठ पाउंडांचा आहे. रायफल साडेनऊ पाउंडांची घेतली की मॅग्नम २५ च्या खाली येतं, आणि मझल ब्रेक (नळीच्या तोंडावरची दणका कमी करणारी जोडणी) लावला की आणखी खाली.

सातरस्ता
मझल ब्रेक लावणाऱ्यांना एवढीच विनंती, की शेजारी उभ्या असलेल्या ट्रॅकरच्या (माग काढणाऱ्याच्या) कानांचाही विचार करा. ब्रेक वायू बाजूला आणि मागे फेकतो, आवाजाचा तडाखा त्याला बसतो. कान झाकायला सांगायला वेळ मिळत नाही, जनावर तेवढं थांबत नाही.

मूळ मुद्दा वेगळाच आहे, तो दोघांनीही सोडला. मुंबईतून रायफल घेऊन जाणार कोण? शस्त्र परवान्यावर बाहेर नेण्याची कागदपत्रं, विमान कंपनीची परवानगी, वाटेत दुसऱ्या देशात विमान बदलायचं असेल तर तिथले नियम, काडतुसं वेगळी बंद करून ५ किलोच्या मर्यादेत. बहुतेक जण शेवटी तिथल्या यजमानाकडूनच (शिकार घडवणाऱ्या फार्मवाल्याकडून) भाड्याने घेतात. त्याच्या कपाटात काय असतं? .३०८, .३०-०६, .३०० विन्चेस्टर आणि रानरेड्यासाठी .३७५ एच अँड एच. यापैकी काहीही त्या भागातल्या दुकानात मिळतं. २०२२ मध्ये निघालेलं ७ पीआरसी शहरापासून तीनशे किलोमीटरवरच्या फार्मवर कोण ठेवतो?

तेव्हा .३०-०६ मागा. वय १९०६चं, लाजायचं कारण नाही. १८० ग्रेनची अ‍ॅक्युबाँड २७०० फुटांनी, ४०० यार्डांवर अजून २००० फुटांच्या आसपास. दणका २०.

दूरबीण
दोन्ही बाजू ऊर्जेवर भांडताहेत. ऊर्जा जनावर पाडत नाही, गोळी फुलून केलेली जखम पाडते. आणि गोळी फुलते की नाही हे आदळण्याच्या वेगावर ठरतं. प्रत्येक गोळीला खालची हद्द असते. ईएलडी-एक्स सुमारे १६०० फुटांपर्यंत फुलते. साधी अ‍ॅक्युबाँड आणि पार्टिशन १८०० पर्यंत. निव्वळ तांब्याच्या बार्न्स टीटीएसएक्ससारख्या गोळ्यांना १८००-२००० हवेत, त्याखाली गेली की सुईसारखी आरपार जाते. जनावर पळतं, रक्त टिपूसभर, मग संध्याकाळपर्यंत काटेरी झुडपात माग काढत बसा.

उलट बाजूलाही हद्द आहे, आणि ती मॅग्नमवाले विसरतात. नामिबियाच्या झाडीत बरीच संधी ८० ते २०० यार्डांतच येते. ७ पीआरसीची ईएलडी-एक्स ८० यार्डांवर २८५० च्या वर आदळते. मऊ शिशाची, बाँड न केलेली (शिसं आणि तांब्याचं कवच एकमेकांना न जोडलेली) गोळी त्या वेगाने खांद्याच्या हाडावर बसली तर वरच्यावर फुटून तुकडे होतात, फुफ्फुसापर्यंत पोचते ती भुकटी. म्हणजे लांबसाठी निवडलेली गोळी जवळच नापास. मॅग्नम घ्यायचंच असेल तर बाँड केलेली किंवा तांब्याची गोळी घ्या. मग तांब्याची खालची हद्द पुन्हा आडवी येते! क्रीडमूरचा खरा फायदा इथे आहे: जवळ २६०० आणि ४०० वर २१५०, दोन्ही टोकं एकाच गोळीच्या टप्प्यात बसतात.

तरी गिरगावकर, तुमच्या एका वाक्यात खोट आहे. “वाऱ्यात फायदा शून्य” हे एका विशिष्ट जोडीपुरतं खरं. काडतुसाची तुलना कधीच करू नका, काडतूस + गोळी + नळीचा ट्विस्ट (आतल्या खाचा किती इंचांत एक वेढा घेतात) अशी करा. ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नमच्या जुन्या रायफली साडेनऊ इंचांना एक वळणाच्या, त्यांत अतिलांब नव्या गोळ्या स्थिर राहत नाहीत. .२७० विन्चेस्टरचं दहाला एक, तिथे १५० ग्रेनच्या पुढे फारसं जाता येत नाही. भाड्याची रायफल घेताना “कुठलं बोअर” विचारता, तसा “ट्विस्ट किती, आणि ही नळी कुठली गोळी नीट टाकते” हे ईमेलमध्येच विचारून घ्या.

पार्लेकर_काका
सगळे हुशार, पण एक हिशोब कुणीच करेना. ५०० यार्डांवर क्रीडमूरच्या गोळीला पोचायला ०.६४ सेकंद लागतात, ७ पीआरसीला ०.५७. जनावर चरता चरता एक पाऊल पुढे टाकतं. सेकंदाला दीड मीटर चाल धरली तर ०.६४ सेकंदांत जवळपास मीटरभर सरकलं. छातीवर धरलेला नेम पोटात गेला. मॅग्नमने काय वाचवलं? दहा सेंटिमीटर.

आता वाऱ्यातली चूक. वारा १० मैल समजलात, होता १५. कुडूच्या काळीज-फुफ्फुसाचं वर्तुळ दहा इंच धरा, म्हणजे मध्यापासून चूक पाच इंच चालेल. ५०० वर क्रीडमूर साडेसात इंच चुकेल, ७ पीआरसी सहा. दोघंही बाहेर. ४०० वर क्रीडमूर पावणेपाच, ७ पीआरसी पावणेचार: दोघंही आत, पण क्रीडमूर अगदी काठावर, तेही तुमचा ग्रुप (गोळ्यांचा पसारा) शून्य असेल तर. ३०० वर अडीच आणि दोन. म्हणजे मोठं काडतूस घेऊन तुम्ही विकत घेतलेत फार तर साठ-सत्तर यार्ड. तेवढं अंतर पोटावर सरकत जवळ जाऊन फुकट मिळतं. लांब पल्ल्याची शिकार हा शब्दच मला खटकतो, ती शिकार नव्हे, ती नेमबाजी. आणि नेमबाजीला कागद आहे.

मॅग्नमवाला_ठाणे
काका, नामिबियात जवळ जाता येतं, मान्य. पामीरमध्ये आयबेक्सच्या मागे जा. चार हजार मीटर उंची, मधे दरी, झाड नाही, आडोसा नाही. पोटावर सरकायचं कुठे, हवेत? तिथे ४०० हा रोजचा आकडा आहे आणि उतारावरचा वारा दोन ठिकाणी दोन दिशांचा. तिथे सपाट जाणारी, वेगवान गोळीच लागते. तुमची ३५० ची लक्ष्मणरेषा घेऊन गेलात तर दुर्बिणीतून दर्शन घेऊन परत याल.

पार्लेकर_काका
दर्शन घेऊन परत येईन. त्यात काय गेलं?

दूरबीण
पामीरचं निघालंच आहे तर, मुंबईत काढलेला तक्ता (कुठल्या अंतरावर गोळी किती खाली येते त्याचा) तिथे नेऊ नका. गोळीचा पल्ला हवेच्या घनतेवर आहे. विंडहुक सुमारे १७०० मीटरवर, तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ टक्के विरळ. ५०० वर फरक इंच-दोन इंचांचा, खपून जातो. चार हजार मीटरवर खपत नाही, गोळी चांगलीच वर लागते. अ‍ॅपमध्ये “उंची” आणि “हवेचा दाब” दोन्ही रकाने असतात. जागेवर मोजलेला दाब टाकलात तर उंचीसाठी पुन्हा दुरुस्ती लावायची नाही. बरेच जण समुद्रसपाटीवर आणलेला, हवामान खात्याच्या पद्धतीचा दाब टाकतात, आणि मग रायफलीला शिव्या घालतात.

वर मी दिलेले आणि गिरगावकरांचे आकडे समुद्रसपाटीचे आहेत, हेही ध्यानात ठेवा.

लालबाग_३१५
एक बाळबोध प्रश्न. घरी आजोबांची .३१५ आहे, खडकीच्या कारखान्याची काडतुसं. तिचा असा तक्ता कुठे मिळेल?

सातरस्ता
.३१५ म्हणजे जुनं ८×५० मॅनलिकर. गोळी बोथट नाकाची, हवेत लवकर दमते. १५० यार्डांच्या पुढचा तक्ता मागूच नका. आणि ती इथे कुठल्याही जनावरावर चालवायची नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

गिरगावकर
दूरबीण, खोट मान्य. “शून्य” हा शब्द मागे घेतो. सातरस्तांचंही मान्य, भाड्याने घ्यायची तर .३०-०६ किंवा .३०८ वर मी हरकत घेणार नाही. .३०८ ची १७८ ग्रेन गोळी ५०० वर १८-१९ इंच वाहते, पण ३०० पर्यंत कोण विचारतो. एलंडवर मॅग्नमवाल्यांशी सहमत, तिथे क्रीडमूर नको.

पण दणक्यावर हटणार नाही. मुंबईकराचा खरा प्रश्न सरावाचा आहे. वरळीला ५० मीटरवर .२२ चालवणारा माणूस नामिबियात उतरतो, झीरो (स्कोपचा नेम आणि गोळी जुळतात का ते) तपासायला पाच गोळ्या झाडतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुडूवर रायफल रोखतो. २९ फूट-पाउंडांच्या पाचव्या गोळीला डोळे मिटायला लागतात, बोट घोड्याला झटका देतं. ती सवय मनाने जात नाही. दहाव्या गोळीनंतर १०० मीटरचा ग्रुप दीड इंचावरून चार इंचांवर जातो, तेव्हा ७ पीआरसीने वाचवलेले तीन इंच गेले की चुलीत.

मॅग्नमवाला_ठाणे
हा मुद्दा माणसाचा झाला, काडतुसाचा नाही. ज्याला झेपतं त्याने का सोडावं?

वरळी_प्रोन
झेपतं की नाही हे मोजता येतं, भांडायची गरज नाही. यजमानाच्या रेंजवर मित्राला रायफल भरायला सांगा. दहा वेळा भरायची, त्यांत तीन-चार वेळा चेंबरमध्ये नुसतं डमी (दारू नसलेलं) काडतूस. कुठल्या वेळी काय हे तुम्हाला माहीत नको. डमीवर नळी खाली झुकली की झेपत नाही, विषय संपला. चारही वेळा स्थिर राहिली तर खुशाल मॅग्नम.

इथे बसून करायचं ते वेगळं. आफ्रिकेत गोळी बहुधा उभ्याने, तीन काठ्यांच्या तिवईवरून मारतात. आपले प्रोनवाले (पालथं झोपून मारणारे) तिथेच गडबडतात, कारण त्यांना पोटाखाली जमीन लागते. घरी तिवई आणा, रिकाम्या रायफलीने रोज वीस वेळा: खांद्यावरून उतरव, काठ्यांवर टेकव, नेम, घोडा. सहा सेकंदांत बसलं पाहिजे. पुढचा हात रायफलीवर दाबू नका, काठ्या आणि दस्त्याचा पुढचा भाग एकत्र मुठीत धरा. मागच्या कोपराला काही आधार नसतो, आडवी हलचल तिथूनच येते. दुसरी काठी किंवा पाठीवरची पिशवी कोपराखाली घेतली तर ती निम्म्याने कमी होते.

मग ५० मीटरवर .२२ ने तिवईवरून दहा गोळ्या. तीन नव्हे, दहा. तीनचा ग्रुप खोटं बोलतो. दहाही दोन इंचांत बसल्या तर मोठ्या रायफलीने २५० यार्डांचा विचार करा. चार इंचांत बसल्या तर १२५. हे आकडे दहा इंचांच्या वर्तुळावर बेतलेले आहेत, वारा धरलेला नाही.

आणि जेम्सबॉकचं एक विसरू नका. खांद्यावर त्याला उंचवटा असतो, पाठीची रेषा फसवते. पाठ आणि पोट यांच्या मध्यावर नेम धरला तर गोळी वर जाते, कण्याच्या वरच्या काट्यांतून. जनावर धाडकन पडतं, सगळे हस्तांदोलन करतात, आणि ते उठून पळून जातं. पुढच्या पायाच्या रेषेत, खालून एक तृतीयांशावर धरा. पडलं तरी बोल्ट मागे-पुढे करून दुसरी गोळी चेंबरमध्ये घ्या आणि स्कोपमधून डोळा काढू नका.

सातरस्ता
तिवईची उंची काय ठेवता? बाजारातल्या बहुतेक तिवया आपल्या उंचीच्या माणसाला वर होतात.

वरळी_प्रोन
खांद्याच्या टोकापेक्षा चार बोटं खाली. बांबूच्या तीन काठ्या, प्रत्येकी सव्वापाच-साडेपाच फूट, वरून वीतभर सोडून सायकलच्या ट्यूबने आवळा. पाय जेवढे फाकवाल तेवढी उंची उतरते.