शब्दचर्चा : बुरशीनाशक, बुरशीरोधक की आणखी काही?

मी कोल्हापुरात औषधाच्या दुकानात काउंटरला असते. पाऊस लागला की गजकर्णाचं मलम मागणाऱ्यांची रीघ लागते. त्यांच्या हातात द्यायला एक मराठी चिठ्ठी लिहायला घेतली आणि पहिल्याच शब्दाला अडले. ‘अँटीफंगल’ला काय लिहू? सगळे म्हणाले, बुरशीनाशक लिही की. मला तो शब्द खटकतोय. का, ते सांगते.

बुरशीची पेशी जिवाणूपेक्षा आपल्या पेशीच्या जास्त जवळची. तिलाही केंद्रक, आपल्यालाही. त्यामुळे तिला गाठायचं आणि आपल्याला धक्का लागू द्यायचा नाही, हे अवघड काम. नेमका एक फरक उपयोगी पडला. आपल्या पेशीच्या पटलात, म्हणजे पातळ आवरणात, कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल. फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही मंडळी एर्गोस्टेरॉल बनवणारं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतात. कँडिडासारखी बुरशी त्यानं बहुधा मरत नाही, वाढायची थांबते. बाकीचं आपली प्रतिकारशक्ती उरकते. टर्बिनाफिन त्याच साखळीतली आधीची कडी अडवतं, तिथं एर्गोस्टेरॉल कमी पडतं आणि त्याचा कच्चा माल, स्क्वालीन, साचत जातं. गजकर्णाची बुरशी त्यानं मरते. अँफोटेरिसिन बी तर तयार एर्गोस्टेरॉललाच चिकटतं आणि पटलाला गळती लावतं. २०२१ मध्ये म्युकरच्या वेळी नातेवाईक ज्या इंजेक्शनसाठी वणवण फिरत होते, ते हेच. (त्या आजाराचं ‘काळी बुरशी’ हे नावही चुकीचंच. काळं पडतं ते रक्तपुरवठा तुटून मेलेलं मांस, बुरशी नव्हे.)

म्हणजे कुणी मारतं, कुणी नुसतं थांबवतं. सरसकट ‘नाशक’ लिहिलं की माणसाला वाटतं, लावलं आणि मेली.

परवा तालमीतला एक पोरगा आला. ट्यूब खालपासून वरपर्यंत गुंडाळत आणलेली, टोपणाजवळ मटाराएवढं मलम उरलेलं. “ताई, हेच द्या. चार दिसांत खाज गेल्ती, म्हणून सोडलं. आता मांडीवर लई पसरलंय.” ट्यूबवर बारीक अक्षरात तीन औषधं होती, त्यातलं एक स्टिरॉइड. स्टिरॉइडनं लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र आत मोकळी वाढते. गजकर्णाची ती ठसठशीत गोल कडही पुसट होते, मग डॉक्टरलाही ओळखायला जड जातं. कुस्तीत अंगाला अंग लागतं, म्हणजे त्याच्या जोडीदारालाही झालेलं असणार. ट्यूब दिली नाही, त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवला.

माझ्या मते ‘बुरशीरोधक’ बरा. तुम्हाला काय वाटतं?

*

ताई, मी शिरोळकडचा ऊस आणि भाजीपालावाला. बुरशीनाशक हा शब्द आमच्या रोजच्या तोंडातला. पण ‘रोधक’ म्हटल्यावर मला जलरोधक आठवतं, पाणी आत येऊ न देणारं. बुरशी होऊ नये म्हणून आधीच लावायचं, असाच अर्थ होतो. आम्ही मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो तसंच रोगाच्या आधी मारतो.

आमच्याकडे आणखी दोन शब्द आहेत, बघा जमतात का. स्पर्शजन्य, म्हणजे जिथं पडलं तिथंच काम करणारं. आणि आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या अंगात भिनणारं. दुसरं असं, की आमच्या बाटलीवर हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल असतं. तुमच्या फ्लुकोनॅझोलचं शेपूट तेच दिसतंय.

*

दादा, शेपूट तेच, कारण घराणं तेच, ॲझोल. म्हणूनच शेतात तेच ते मारत राहू नका. शेतातल्या ॲझोलना सरावलेली ॲस्परजिलस बुरशी माणसाच्या फुफ्फुसात गेली की आमची औषधंही तिला लागू पडत नाहीत, असं जगात काही ठिकाणी दिसलेलं आहे.

‘आंतरप्रवाही’ मी उचललाच. नखातली बुरशी मलमानं का जात नाही, हे सांगताना रोज दमते. आता सांगेन, नखाला आंतरप्रवाही लागतं. पायाच्या नखाला टर्बिनाफिनची गोळी साधारण १२ आठवडे, तीही डॉक्टरांनी यकृताचा विचार करून दिली तरच.

*

मी मराठी-संस्कृत शिकवत होतो, आता निवृत्त आहे. आपल्याकडे ‘नाशक’ची परंपरा जुनीच. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी खातो त्या टाकळ्याला संस्कृतात दद्रुघ्न म्हणतात. दद्रु म्हणजे गजकर्ण, घ्न म्हणजे मारणारा. दुसरं नाव चक्रमर्द, चक्राला चिरडणारा. हे चक्र म्हणजे अंगावरचं गोल चकंदळ. इंग्रजीतल्या ‘रिंगवर्म’मध्ये उगाच किडा शिरलाय, आपल्या गजकर्णात तो नाही. शास्त्रीय शब्द हवा असेल तर ‘कवक’ घ्या. बुरशी म्हटलं की लोकांना शिळी भाकरी दिसते.

*

सर, चक्रमर्द वाचून अंगावर काटा आला, इतका नेमका शब्द! पण ‘कवक’ काउंटरवर चालणार नाही. चिठ्ठी हातात घेणारी बाई गगनबावड्याकडची, रोपलागणीला चिखलात दिवसभर उभी राहून पायाच्या बोटांत चिखल्या झालेली. तिला बुरशीच कळते.

आणि दादांच्या बाटलीनं माझा निर्णय झाला. एकाच घरात फडताळात फवारणीच्या बाटलीवर ‘बुरशीनाशक’ आणि मलमाच्या चिठ्ठीवरही ‘बुरशीनाशक’, हे मला चालणार नाही. कुणी बाटलीतलं अंगाला चोळलं तर? ‘रोधक’चा आक्षेपही पटला. मग लक्षात आलं, आपण खोकलानाशक कुठं म्हणतो? खोकल्यावरचं औषध म्हणतो. तसंच हे.

चिठ्ठी अशी लिहिलीय, काही सुचलं तर सांगा :

‘हे बुरशीवरचं औषध आहे. डागावर आणि त्याच्या कडेबाहेर दोन बोटं रुंदीपर्यंत लावा. खाज थांबली तरी सोडू नका, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करा. अंग कोरडं ठेवा, टॉवेल वेगळा ठेवा. खरूज बुरशीनं होत नाही, तिला हे लावू नका.’