एल्डर थोरला, ओल्डर मोठा?

प्रश्न, सातारा: मुलगी नववीत आहे. निबंधात तिने लिहिलं, 'माय ब्रदर इज थ्री इयर्स एल्डर दॅन मी.' बाईंनी एल्डरभोवती लाल गोल करून वर ओल्डर लिहिलं. पण पहिल्या ओळीतलं 'माय एल्डर ब्रदर' तसंच ठेवलं. मुलगी विचारते, तिथे चाललं ते इथे का नाही? शब्दकोशात दोन्हींचा अर्थ 'वयाने मोठा' एवढाच सापडला.

उत्तर: बाईंचं बरोबर आहे. आपण 'हा माझा थोरला भाऊ' म्हणतो, पण वर्षं सांगायची झाली की 'माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा' हेच तोंडात येतं. थोरला म्हणजे घरातली जागा, मोठा म्हणजे मोजमाप. एल्डर तसाच नात्याच्या शब्दाआधी बसतो. दॅन आलं की ओल्डर. 'माय ओल्डर ब्रदर'ही चूक नाही, बोलण्यात तेच जास्त ऐकू येतं.

साताऱ्यात हे पटायला अवघड नाही. थोरल्या शाहू महाराजांनी १७२० साली ज्यांना पेशवेपद दिलं ते थोरले बाजीराव, कारण पुढे नातूही बाजीराव निघाला. इंग्लंडात विल्यम पिट नावाचे बापलेक दोघेही पंतप्रधान झाले, त्यातला बाप 'पिट द एल्डर'. तिथे ओल्डर घालून चालत नाही.

गंमत म्हणजे एल्डर आणि ओल्डर या दोन शब्दांत एल्डरच वयाने मोठा. जुन्या इंग्रजीत ओल्डचं तुलनारूप होतानाच स्वर बदलायचा. मॅनचं मेन, फुटचं फीट होतं, त्यातलाच हा प्रकार. ओल्डला सरळ 'अर' जोडून झालेला ओल्डर नंतरचा. त्याने बाहेरचा सगळा कारभार घेतला, थोरल्याकडे घरचं तेवढं राहिलं.

सांगलीहून: थोरलाचं गणित आमच्याकडे जमत नाही. इथे पातेलंही थोरलं असतं. 'थोरलं पातेलं काढ' म्हणजे काय ते घरातलं वडील पातेलं?

उत्तर: खरं आहे, तिथे जोडी तुटते. थोरला आकारालाही चालतो, एल्डर वस्तूंना लागतच नाही. साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला तिथल्या 'चार भिंती' या स्मारकापेक्षा कितीतरी जुना, तरी तो ओल्डरच. पण तुम्ही वडील शब्द बरा काढलात. 'वडील भाऊ'मध्ये तो विशेषण, एरवी नाम. एल्डरचंही तसंच, 'एल्डर्स' म्हणजे वडीलधारी मंडळी. (सीनियर या भानगडीत आणू नका. तो लॅटिनमधून आलेला, त्याला दॅन नाही, टू लागतो.)

प्रश्न, सातारा: मुलीला थोरला-मोठा सांगितलं, पटलं. आता विचारते, मग धाकटा आणि लहान यांना इंग्रजीत वेगवेगळे शब्द कोणते? धाकटी तीच आहे ना घरात.

उत्तर: नाहीत. दोन्हीकडे यंगरच. तिला म्हणावं, तेवढी एक चूक तरी वाचली.