दिवाळी संमेलनात दुरुस्तीचे टेबल

प्रेषक: कार्यकारिणी सदस्या, युट्रेक्ट
प्रति: सर्व सभासद

मंडळींनो, सप्रेम नमस्कार.

यंदाच्या दिवाळी संमेलनात फराळाच्या टेबलांशेजारी एक टेबल दुरुस्तीचे असावे, असा प्रस्ताव मी आपल्यापुढे ठेवत आहे. निमित्त घरचेच आहे. लग्नात मिळालेला आणि सामानासोबत इकडे आलेला आमचा मिक्सर गेल्या महिन्यात चटणी वाटता वाटता बंद पडला. दुकानात नेला, तेव्हा त्यांनी तो उघडूनही न पाहता नवा घेण्याचा सल्ला दिला आणि जुना येथेच ठेवून जा, आम्ही रिसायकलिंगला पाठवू, असे अगदी सौजन्याने सांगितले. मी तो परत घरी आणला आणि शनिवारी आमच्या भागातल्या रिपेअर कॅफेत घेऊन गेले. तेथे एका निवृत्त गृहस्थांनी मला शेजारी बसवून तो उघडला. मोटर ठणठणीत होती, केवळ कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे छोटे तुकडे, झिजले होते. ते बदलल्यावर मिक्सर पूर्ववत सुरू झाला.

हे रिपेअर कॅफे याच देशाचे, नेदरलँड्सचे, अपत्य आहे. १८ ऑक्टोबर २००९ रोजी मार्टिने पोस्टमा यांनी ॲमस्टरडॅममध्ये पहिले भरवले आणि आज ते अनेक देशांत भरतात. तेथे कोणी आपल्यासाठी वस्तू दुरुस्त करून देत नाही. आपण जाणकाराजवळ बसून ती दुरुस्त करायची असते, आणि मला हा भेद फार मोलाचा वाटतो. मी हे येथे लिहिण्याचे कारण असे, की आपण सारे काच, कागद, प्लॅस्टिक वेगवेगळ्या डब्यांत निष्ठेने टाकतो आणि आपले कर्तव्य झाले असे मानतो. परंतु १९७९ साली डच संसदेत खासदार आड लान्सिंक यांनी कचऱ्याच्या व्यवस्थापनाची जी शिडी मांडली, तिच्यात मुळात कचरा होऊ न देणे सर्वांत वर आहे, त्याखाली पुनर्वापर आहे आणि रिसायकलिंग त्याच्याही खाली. माझा मिक्सर दुकानात ठेवला असता, तर त्यातले तांबे आणि लोखंड कदाचित परत मिळाले असते. पण चालू स्थितीतली मोटर मात्र भुगा होऊन गेली असती.

आपली मते कळवावीत.

* * *

प्रेषक: ज्येष्ठ सभासद, रॉटरडॅम
प्रति: सर्व सभासद

ताई, नमस्कार.

आपल्या प्रस्तावाला माझा विरोध नाही. तथापि रसायन उद्योगात तीन दशके काढलेला माणूस म्हणून एक शंका मांडल्यावाचून राहवत नाही. युरोपीय संघात वापरल्या जाणाऱ्या एकूण साहित्यापैकी पुन्हा चक्रात आलेल्या, म्हणजे रिसायकल होऊन परत वापरल्या गेलेल्या, साहित्याचा वाटा १२ टक्क्यांच्या आसपास आहे आणि गेल्या दशकभरात तो फारसा हललेला नाही. हा आकडा घरातल्या मिक्सरने हलणार आहे का? माल टनांनी हलतो तो कारखान्यांत आणि बांधकामांत.

डेन्मार्कमधील कालुंडबोर्ग मी स्वतः पाहिले आहे. तेथे १९७२ साली तेलशुद्धीकरण कारखान्याचा जादा वायू शेजारच्या जिप्सम बोर्डाच्या कारखान्याला देण्यास सुरुवात झाली. पुढे वीजकेंद्राची वाफ शुद्धीकरण कारखान्याला आणि औषधांच्या कारखान्याला जाऊ लागली, आणि धुरातील गंधक काढताना तयार होणारे जिप्सम भिंतींच्या बोर्डासाठी वापरले जाऊ लागले. कोणी आराखडा आखून हे घडवले नाही. भूजल अपुरे असल्याने पाणी जपून वापरणे सर्वांनाच भाग होते, शेजारी एकमेकांना ओळखत होते आणि प्रत्येक करारात दोन्ही बाजूंचा व्यवहार जुळत होता. माझ्या मते चक्रीय अर्थव्यवस्था, म्हणजे साहित्य टाकून न देता पुन्हा पुन्हा वापरात ठेवणारी व्यवस्था, ती हीच. मंडळाने बोलवायचेच असेल, तर अशा विषयावर एखादे व्याख्यान ठेवावे.

* * *

प्रेषक: कार्यकारिणी सदस्या, युट्रेक्ट
प्रति: सर्व सभासद

काका, आपले पत्र मी दोनदा वाचले. व्याख्यान जरूर ठेवू, आणि ते आपणच द्यावे अशी माझी मनापासून विनंती आहे. टनांचा हिशेबही मला मान्य आहे. मात्र घर आणि कारखाना यांच्यात आपण जी भिंत घालता, ती मला मान्य नाही, कारण मिक्सर किती वर्षे टिकावा हे कारखान्यातच ठरते आणि तो उघडता येईल की नाही हेही तेथेच ठरते.

ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाचे उदाहरण घ्या. २०१५ साली तेथील एका प्रस्थान कक्षासाठी विमानतळाने दिवे विकत न घेता केवळ प्रकाशाचे पैसे देण्याचा करार केला. दिव्यांची मालकी बनवणाऱ्या फिलिप्सकडेच राहिली. दिवा बिघडला तर खर्च बनवणाऱ्याचा, म्हणून तो टिकाऊ आणि सुटे भाग बदलता येईल असा बनवणे त्याच्याच हिताचे ठरते. आपल्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंच्या बाबतीत बनवणाऱ्याचे हे हित विक्रीच्या दिवशीच संपते, आणि ती उणीव कायद्यानेच भरून काढावी लागते.

तो कायदा आता आला आहे. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला आणि सदस्य देशांना तो लागू करण्यासाठी ३१ जुलै २०२६ ही तारीख दिली. त्यानुसार हमीची मुदत संपल्यावरही उत्पादकाने वाजवी दरात दुरुस्ती करून दिली पाहिजे, आणि हमीच्या काळात ग्राहकाने बदलीऐवजी दुरुस्ती निवडली तर हमी आणखी एक वर्ष वाढते. पण दुरुस्तीचे हे बंधन ठरावीक वस्तूंपुरतेच आहे. त्या यादीत कपडे धुण्याचे यंत्र आहे, फ्रिज आहे, व्हॅक्यूम क्लीनर आहे, मोबाइल आहे, मिक्सर नाही.

म्हणून हे टेबल मला हवे आहे. अनेक रिपेअर कॅफेंचे स्वयंसेवक आलेल्या वस्तूंची नोंद करतात: कोणती वस्तू, किती वर्षांची, काय बिघडले, दुरुस्त झाली का, नसल्यास का नाही. या नोंदी एकत्र होतात आणि कायद्यासाठी झटणाऱ्या संस्था त्या पुरावा म्हणून मांडतात. आपल्या घरांतले मिक्सर, वेट ग्राइंडर आणि कुकर या नोंदींत आजवर किती आले असतील? आपण ते मुकाट्याने टाकून देतो आणि पुढच्या भारतभेटीत नवे आणतो. आपली आई जुन्या साड्यांची गोधडी करायची आणि दारावर आलेल्या बोहारणीशी घासाघीस करून भांडे मिळवायची. वस्तू संपेपर्यंत वापरण्याचे ते वळण आपल्याला घरातूनच मिळाले आहे, ते येथे आल्यावर सुटावे याचे मला खरोखर वाईट वाटते.

* * *

प्रेषक: सभासद, आइंडहोवन
प्रति: सर्व सभासद

ताई आणि काका, दोघांनाही नमस्कार.

मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो आणि दिवसभर टेबलावर बसायला तयार आहे. दोन सूचना कराव्याशा वाटतात. विजेच्या वस्तूंची जबाबदारी मंडळाने एकट्याने घेऊ नये. स्थानिक रिपेअर कॅफेला सोबत बोलवावे, म्हणजे त्यांची तपासणीची उपकरणे, नियमांचा कागद आणि नोंदींची पद्धत आपल्याला वापरता येईल. दुसरे असे, की भारतीय बनावटीचे सुटे भाग येथे सहज मिळत नाहीत. मी सप्टेंबरअखेर पुण्याला जात आहे. कार्बन, कप्लर (मोटर आणि मिक्सरचे भांडे जोडणारा दातेरी भाग), कुकरच्या रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आणता येतील. ज्यांना हवे असतील त्यांनी वस्तूच्या तळाशी लिहिलेला मॉडेल क्रमांक फोटोसह १५ सप्टेंबरपर्यंत कळवावा. कप्लरचे दाते मोजून कळवले तर चुकीचा भाग येणार नाही.